बालवाडीचे जुने लाकूडसामान आणि रंगाची निवड



जून महिना जवळ आला की गावोगावच्या बालवाड्यांत आणि शाळांत एक काम हमखास निघते. मुलांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेलेली छोटी टेबले, बैठ्या खुर्च्या, पाट, चौरंग, खेळण्यांची मांडणी, एखादा लाकडी घोडा किंवा पांगुळगाडा हे सारे सामान अंगणात काढले जाते. त्यावरील रंगाचे पोपडे खरवडले जातात, पॉलिश पेपर फिरविला जातो आणि नव्या रंगाचे दोन हात दिले की जुने सामान पुन्हा नव्यासारखे दिसू लागते. खर्च थोडा आणि समाधान मोठे, असे हे काम आहे. गावातील उत्साही तरुण, पालक आणि पंचायत सदस्य त्यास आनंदाने हातभार लावतात, ही गोष्ट निश्चितच अभिनंदनीय आहे.

जुन्या वस्तूंचा असा सदुपयोग करण्याची महाराष्ट्राची परंपराही मोठी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास प्रारंभ केला आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. बालशिक्षणासाठी परदेशी पद्धतीची महागडी साधने असलीच पाहिजेत असे नाही, परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनही मुलांचे शिक्षण उत्तम होऊ शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष कार्यातून दाखवून दिले. म्हणून जुने लाकूडसामान टाकून द्यावे, असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र ते नवे करताना कोणता रंग द्यावा हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. किंबहुना नव्या रंगाची छटा ठरविण्याच्या आधी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो प्रश्न असा की, या लाकडावर आज जो रंग आहे तो कशाचा आहे?

जुन्या रंगातील शिसे

या प्रश्नाचे कारण आहे शिसे हा धातू. शिशाची संयुगे अनेक दशके रंगांत सर्रास वापरली जात. त्यामुळे रंग लवकर वाळतो, पाण्यापावसास टिकतो आणि त्याला झळाळी येते. पिवळ्या व नारिंगी छटांसाठी शिशाचे क्रोमेट, पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा आणि लोखंडावरील अस्तरासाठी शिशाचे तांबडे ऑक्साइड वापरीत. हे तांबडे ऑक्साइड आपल्याला परके नाही. पारंपरिक शेंदूर तो हाच. हिरव्या रंगातही पुष्कळदा पिवळ्या क्रोमेटची भर असे. म्हणजे मुलांना आवडतात म्हणून बालवाडीसाठी जे भडक रंग निवडले जात, नेमक्या त्याच रंगांत शिसे अधिक असण्याचा संभव होता.

शिशाचा शरीराला काहीही उपयोग नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर त्याचा उपद्रव अनेक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार, पोटात गेलेल्या तेवढ्याच शिशापैकी प्रौढाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेऊ शकते. शरीर शिशाला कॅल्शियमप्रमाणे वागविते आणि हाडांत साठवून ठेवते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. त्याचा आघात मुख्यतः वाढत्या मेंदूवर होतो. आकलन, एकाग्रता आणि वर्तन यांवर होणारा हा परिणाम बहुधा कायमचा असतो. जी अपाय करणार नाही अशी शिशाची कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे ही संघटना सांगते.

सर्वांत कठीण भाग असा की, हा अपाय डोळ्यांना दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल थोडे चिडखोर होते, त्याची भूक मंदावते, पोट दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा मुलाला घरी व शाळेत बहुधा मठ्ठ किंवा खोडकर ठरविले जाते. त्याचे कारण त्याच्याच हाताखालच्या टेबलात असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

ही जाणीव जगाला फार पूर्वी झाली होती. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात लॉकहार्ट गिब्सन नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगविलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे, असे त्यांनी १९०४ साली दाखवून दिले. उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. तरीही अमेरिकेत घरगुती रंग, खेळणी आणि फर्निचर यांवरील शिसेयुक्त रंगास बंदी येण्यास १९७८ साल उजाडले. भारतात केंद्र शासनाने १ नोव्हेंबर २०१६ रोजी यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. ही मर्यादा पाळल्याचा उल्लेख डब्यावर असणेही आवश्यक करण्यात आले. तयार होऊन पडलेला माल खपविण्यास मात्र आणखी काही मुदत देण्यात आली होती.

दशलक्ष भागांत ९० भाग म्हणजे एक किलो वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम. एखाद्या जुन्या रंगात शेकडा एक इतकेच शिसे आहे असे धरले, तरी ते एका किलोत १० हजार मिलिग्रॅम, म्हणजे आजच्या मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक होते. यावरून एक साधा नियम काढता येतो. जे सामान २०१७ पूर्वी रंगविले आहे, किंवा ते केव्हा रंगविले याची नोंदच नाही, त्याच्या रंगात शिसे आहे असे समजूनच पुढचे पाऊल टाकावे. वरचा थर नवा असला तरी खालचे थर जुने असू शकतात, हेही विसरता कामा नये. खात्री करून घ्यावयाची असेल तर रंगाच्या सर्व थरांचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घेणे हाच भरवशाचा मार्ग होय.

खरवडण्यातील धोका

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेणे अगत्याचे आहे. जुना रंग लाकडाला घट्ट धरून आहे आणि मूल त्याला चावत नाही, तोपर्यंत त्यापासूनचा धोका मर्यादित असतो. तो रंग कोरडा घासला की त्याची अतिसूक्ष्म धूळ होते. ती अंगणात, सतरंजीवर, खेळण्यांवर आणि रंगाऱ्याच्या कपड्यांवर बसते व तेथून मुलांच्या हातांत आणि तोंडात जाते. मुलांच्या भल्यासाठी केलेल्या दुरुस्तीमुळे त्यांना न केलेल्या दुरुस्तीपेक्षा अधिक अपाय होऊ शकतो, तो अशा रीतीने.

म्हणून जुन्या रंगावर कोरडा पॉलिश पेपर किंवा घासण्याचे विजेचे यंत्र चालवू नये. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत तर याहून घातक आहे, कारण त्यात शिशाची वाफ श्वासावाटे शरीरात जाते. रंग काढण्यासाठी बाजारात मिळणारी काही तीव्र द्रावणेही बंद जागेत वापरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात.

आणखी एक सवय मोडली पाहिजे. मोडके रंगीत पाट, खुर्च्यांचे पाय, फळ्यांचे तुकडे हे सारे सरपण म्हणून चुलीत जाते. त्या धुरात शिसे असते, राखेतही ते उरते, आणि ती राख भांडी घासण्यासाठी वापरली जाते. रंगविलेले जुने लाकूड पोषण आहाराच्या चुलीत कधीही घालू नये, एवढा एकच नियम पाळला गेला तरी पुष्कळ साधेल.

सामानाची तीन प्रकारांत विभागणी

काम हाती घेण्यापूर्वी शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि पंचायत सदस्यांनी मिळून सर्व सामान एकदा नजरेखालून घालावे आणि त्याची तीन प्रकारांत विभागणी करावी.

पहिला प्रकार म्हणजे रंग शाबूत असलेले सामान. टेबलाच्या खालच्या पट्ट्या, कपाटांच्या बाजू, मांडणी इत्यादी वस्तू यात येतात. हे सामान साबणाच्या पाण्याने पुसावे. चकाकी मोडण्यापुरताच वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा आणि निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. त्यावर अस्तराचा एक हात व नव्या रंगाचे दोन हात द्यावेत. जुना थर असा झाकून टाकणे हा येथे सर्वांत सुरक्षित उपाय आहे. मात्र दर वर्षी त्याची पाहणी केली पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे मुले ज्यांना तोंड लावतात किंवा जेथे सतत घर्षण होते अशा वस्तू व भाग. पाळण्याचा वरचा दांडा, खुर्चीच्या पाठीची कड, पांगुळगाड्याची मूठ, सरकणाऱ्या खणाच्या कडा ही त्याची उदाहरणे. येथे नुसते झाकून भागत नाही, कारण दात नव्या थरातून जुन्या थरापर्यंत पोहोचतात. अशा वेळी सुताराकडून तेवढाच भाग बदलून नव्या लाकडाची पट्टी बसवून घ्यावी. एका दांड्यासाठी लागणारे लाकूड व मजुरी फार नसते आणि धोका समूळ नाहीसा होतो.

तिसरा प्रकार म्हणजे रंगाचे पोपडे सुटलेले सामान. ते तत्काळ वापरातून काढावे. ती वस्तू खरोखरच मोलाची असेल तरच, उदाहरणार्थ ती सागवानाची व भक्कम असेल तर, तिचा रंग काढण्याचा विचार करावा. हे काम बालवाडीच्या आवारात न करता दूर आणि उघड्यावर करावे. मुले व गर्भवती स्त्रिया जवळ नसाव्यात. खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे, पृष्ठभाग सतत ओला ठेवावा. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीस अडवीत नाही, त्यासाठी एन-९५ किंवा त्याहून सरस प्रतीचा मास्क हवा. काम संपल्यावर जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपडे वेगळे धुवावेत आणि हातपाय धुतल्यावाचून अन्नाला शिवू नये. निघालेला रंग व फडकी बंद पिशवीत भरून घरगुती घातक कचऱ्यात द्यावीत. विहीर, ओढा किंवा परसबाग यांच्या जवळ ती टाकू नयेत. एवढी व्यवस्था होत नसेल तर त्या वस्तूचा मोह सोडणेच श्रेयस्कर.

नवा रंग कोणता?

आता नव्या रंगाकडे वळता येईल. बाजारात रंगांचे अनेक प्रकार मिळतात आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे.

बालवाडीच्या टेबल-खुर्च्यांसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल हा सामान्यतः सर्वांत सोयीचा होय. त्याला वास कमी असतो, तो लवकर वाळतो, ब्रश पाण्याने धुता येतो आणि वाळल्यावर पृष्ठभाग पुसता येतो. जुन्या तैलरंगाच्या गुळगुळीत थरावर मात्र तो एकदम धरत नाही. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे चकाकी मोडणे आणि योग्य अस्तर देणे आवश्यक आहे. टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा तैलरंग टणक व टिकाऊ असतो, परंतु त्याचा उग्र वास दीर्घकाळ राहतो. तो द्यावयाचाच असेल तर दीर्घ सुट्टीच्या आरंभी द्यावा.

भिंतीचा डिस्टेंपर लाकडाला देऊ नये, कारण तो हाताला सुटतो. इमारतीच्या बाहेरील बाजूचा रंगही मुलांच्या सामानास योग्य नाही. त्यात बुरशी व शेवाळ रोखणारी द्रव्ये घातलेली असतात. आणि रस्त्यावरील पट्टे, यंत्रे, वाहने किंवा लोखंडी फाटके यांच्या कामातून उरलेला रंग तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. २०१६ चे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत, औद्योगिक उपयोगाच्या रंगांना ते लागू नाहीत. सार्वजनिक कामातून उरलेला पिवळाधमक रंग बालवाडीच्या उपयोगी आणावा हा विचार काटकसरीचा वाटला, तरी ती काटकसर मुलांना महाग पडू शकते.

सागवान, शिसव यांसारखे चांगले लाकूड उघडे असेल तर त्यावर रंग चढविलाच पाहिजे असे नाही. चपडा लाखेचे पॉलिश हा जुना व चांगला पर्याय आहे. लाख हा किड्यापासून मिळणारा नैसर्गिक पदार्थ असून स्पिरिट उडून गेल्यावर तिचा पातळ, कठीण थर उरतो. मात्र पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून जेवणाच्या पाटांना ते योग्य नाही, खेळण्यांना व मांडणीला योग्य आहे. जवसाचे तेल वापरावयाचे असल्यास शुद्ध, काही न मिसळलेले तेल घ्यावे. लवकर वाळावे म्हणून रंगकामाच्या बेलतेलात धातूंची संयुगे मिसळलेली असतात. तेलात भिजलेली फडकी चुरगळून एका ठिकाणी टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

रंगछटेच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवावा. गेरू आणि शेंदूर हे दोन्ही तांबडे, पण गेरू लोखंडाचे ऑक्साइड आहे आणि पारंपरिक शेंदूर शिशाचे. डोळ्यांना जवळ वाटणाऱ्या दोन रंगांत एवढे अंतर असू शकते. म्हणून रंगारी आपल्याजवळची सुटी पूड मिसळून छटा वाढवून देतो म्हणाला तर नकार द्यावा आणि कंपनीत तयार झालेली, बंद डब्यातील छटाच घ्यावी.

डब्यावर काय वाचावे?

डबा हातात घेतल्यावर त्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, बॅच क्रमांक आणि शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसल्याचा उल्लेख पाहावा. हा उल्लेख नसलेला डबा परत करावा. ‘निसर्गस्नेही’ किंवा ‘वासरहित’ हे शब्द त्याची जागा घेऊ शकत नाहीत. शिशाला वास नसतो. त्यामुळे रंगाला वास येत नाही म्हणजे त्यात शिसे नाही, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. सुट्या मापाने मिळणारा किंवा चिठ्ठी निघालेल्या डब्यातील रंग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

खर्चाचा विचार करता, एक लिटर इनॅमल साधारणपणे दहा चौरस मीटरवर एक हात देण्यास पुरतो. एका छोट्या टेबलाचा पृष्ठभाग पायांसह सुमारे एक चौरस मीटर धरला, तर दहा टेबलांना दोन हात देण्यास सुमारे दोन लिटर रंग लागेल. अज्ञात उत्पादकाचा रंग आणि योग्य उल्लेख असलेला रंग यांच्या किमतींत जो काही फरक असेल, तो या दोन लिटरांपुरताच आहे. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम खर्च करावयाची असते. हा फरक त्या तरतुदीला जड होणारा नाही.

रंग वाळणे आणि तो पक्का होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगितले पाहिजे. पाण्याचा इनॅमल काही तासांत हाताला लागेनासा होतो, पण पूर्ण कठीण होण्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात. हवेत दमटपणा असेल तर आणखी वेळ लागतो. म्हणून कोकणातील बालवाड्यांनी हे काम पावसाच्या तोंडावर न काढता एप्रिलमध्येच उरकावे. वास पूर्णपणे गेल्याखेरीज सामान मुलांच्या हाती देऊ नये.

पंचायतीची जबाबदारी

या सर्व कामात नव्या यंत्रणेची गरज नाही, असलेल्या यंत्रणेत थोडी दक्षता हवी. दरपत्रके मागविताना शिशाच्या मर्यादेची अट लेखी घालावी आणि माल स्वीकारताना डब्यावरील मजकूर तपासून बॅच क्रमांक साठा नोंदवहीत लिहावा. कोणते सामान केव्हा व कोणत्या रंगाने रंगविले याची नोंद ठेवावी. आज ही नोंद कोठेच मिळत नाही, म्हणून प्रत्येक जुन्या वस्तूकडे संशयाने पाहावे लागते. दहा वर्षांनंतर तीच टेबले पुन्हा रंगविणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये. रंगाऱ्याला व सुताराला ओल्या पद्धतीने काम करण्यास सांगावे आणि त्यासाठी लागणारा अधिक वेळ मजुरीत धरावा, कारण धुळीचा पहिला घास तोच घेत असतो.

जेथे सामानावरचा रंग पूर्वीपासून सुटत होता आणि एखाद्या मुलास रंगाचे पोपडे खाण्याची सवय असल्याचे दिसते, तेथे पालकांना विश्वासात घेऊन त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते व योग्य सल्ला मिळतो. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आणि आहारात नाचणी, तीळ, कडधान्ये, पालेभाज्या यांचा समावेश असणे हे उपाय साधे असले तरी शिशाचे शोषण कमी करण्यास साहाय्यभूत होतात.

बालवाडीचे टेबल ही तशी लहानशी वस्तू. परंतु गावातील प्रत्येक मूल आपल्या वाढीच्या सर्वांत नाजूक वर्षांत त्या टेबलाशी बसते, त्यावर हात ठेवते, त्यावरचा खाऊ उचलून खाते. ते टेबल रंगविण्याचा ठराव करताना पंचायतीने डब्यावरची एक ओळ वाचली आणि जुन्या रंगाची धूळ उडू दिली नाही, तर त्या मुलांच्या बुद्धीचे जे रक्षण होईल ते कोणत्याही अहवालात नोंदले जाणार नाही. तरीही ते करणे हे गावाचे कर्तव्य आहे, आणि ते प्रत्येक गावाच्या आवाक्यातले आहे.